पंपातली बॅटरी बदलली, सवय मात्र जुनीच



आपल्या कोकणात एखादी वस्तू तालुक्याच्या बाजारात मिळाली नाही की फोन मुंबईला जातो. "काका, पंपाचा चार्जर जळाला. येताना एक घेऊन या." "केवढ्याचा रे?" "बारा व्होल्टचा." एवढ्यावर विषय संपतो. काका राहतात गिरगावात, ठाकूरद्वारच्या एखाद्या चाळीत. नाक्यावरून एका अंगाला लॅमिंग्टन रोड, दुसऱ्या अंगाला लोहार चाळ, दोन्ही पायी जाण्यासारखी. विजेच्या वस्तूंना तिथे तोटा नाही. दुकानदारही दुसरे काही विचारत नाही. बारा की चोवीस, एवढेच. चार्जर पिशवीत पडतो, एसटीने नाहीतर तुतारीने गावात येतो. पिन बरोबर बसते, लाल दिवा लागतो, पुतण्या खूश आणि काकाही खूश.

या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि माझ्या मते तोच पहिला विचारायला हवा. बॅटरी कसली आहे? शिशाची की लिथियमची?

पाठीवरचा बॅटरी पंप आता गावोगाव झाला आहे. मोठ्या हापूसच्या झाडाला अजून पेट्रोलचा पंप आणि लांब नळीच लागते, पण काजूची लहान कलमे, भाजीपाला, भात, वालाचा मळा यांना हा पंप पुरतो. दांडा हलवून हलवून खांदा भरून येत असे, ते दुखणे गेले. बायकांनाही फवारणी जमू लागली. सरकारी योजनांतूनही हे पंप वाटले गेले. पंपाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या तळाशी, चार स्क्रूंच्या झाकणाआड बसलेल्या डब्याबद्दल आपल्याला कोणी काही सांगत नाही, याबद्दल.

सुरुवातीला या पंपांत शिशाची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी येत असे. अजूनही पुष्कळ पंपांत तीच असते. बारा व्होल्ट, आठ किंवा बारा अँपिअर-तासांची. आठची बॅटरी हातात घेतली तर अडीच किलोच्या आसपास भरते. ही जात फार जुनी आहे. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने ती शोधली, आणि ट्रॅक्टर, एसटी, इन्व्हर्टर यांच्यात आजही तिचेच वंशज बसलेले आहेत. दीडशे वर्षांहून जास्त काळ माणसाच्या हाताखालून गेल्यामुळे तिचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत. अलीकडे मात्र पंपांत लिथियमचा पॅक येऊ लागला. ही जात १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली, आधी कॅमेऱ्यासाठी, मग फोन, लॅपटॉप, स्कूटर असे करत ती आता शेतात उतरली आहे. वजनाला निम्म्याहून कमी. पंप उचलताना बरे वाटते, हे खरेच. पण बाहेरून खोके तेच, बटण तेच, चार्जिंगचे भोक तेच. त्यामुळे घरातल्या माणसाला वाटते की आत काही बदललेले नाही.

आत पुष्कळ बदलले आहे. जरा हिशेब करू या, कारण सगळी गोम त्यातच आहे.

"बारा व्होल्ट" हे नुसते हाक मारायचे नाव आहे. शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि ती भरायला साधारण १४.४ व्होल्टचा चार्जर लागतो. लिथियममध्ये दोन पोटजाती. एक लिथियम आयर्न फॉस्फेट. तिचे चार सेल ओळीने जोडून पॅक बनतो आणि तो १४.६ व्होल्टला भरतो. दुसरी लॅपटॉपमध्ये असते त्या जातीची. तिचे तीनच सेल जोडतात, आणि तो पॅक १२.६ व्होल्टला भरतो. त्याच्या पुढे एक पाऊल टाकायचे नाही. म्हणजे तिन्ही "बारा व्होल्ट", तिघांची पिनही पुष्कळदा एकच, पण पोट भरण्याचे माप वेगळे.

आता तीन सेलांच्या पॅकला शिशाचा चार्जर लावला तर काय होते ते बघा. १४.४ ला तिनाने भागा. एकेका सेलच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात. त्याची सहनशक्ती आहे ४.२. कळशी भरल्यावर पाणी सांडून जाते, सेलला तशी सोय नाही. जादा भरलेला सेल आतून तापतो, त्याच्यात वायू धरतो, तो फुगतो, आणि एका मर्यादेपुढे आतली उष्णता आपली आपणच वाढत जाते. मग चार्जर काढला तरी ती थांबत नाही. एक सेल पेटला की शेजारचा पेटतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या शेजाऱ्याने वर्षभर असाच चार्जर वापरला, काही झाले नाही. खरे आहे. पॅकच्या आत एक छोटी पट्टी असते, बीएमएस म्हणतात तिला. व्होल्ट जास्त झाले की ती वाट तोडते. शेजारी वाचला तो तिच्यामुळे. पण सुपारीवर चढणारा माणूस कमरेला दोर आहे म्हणून हात सोडत नाही. दोर चुकल्या वेळेसाठी असतो. रोज तिच्यावरच भार टाकला तर एक दिवस ती पट्टी जाते, आणि गेलेली बाहेरून कळत नाही. स्वस्तातल्या पॅकमध्ये ती कितपत धड असते, हा आणखी वेगळा प्रश्न.

उलटा प्रकारही होतो. शिशाच्या बॅटरीला १२.६ चा चार्जर लावला तर आग लागत नाही, पण बॅटरी कधी पुरती भरतच नाही. अर्धपोटी राहून सहा महिन्यांत बसते, आणि शिव्या पंपाला पडतात.

म्हणून मुंबईला फोन करण्याआधी एवढे करा. जुन्या चार्जरच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर "आऊटपुट" या इंग्रजी शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. फोटो काढून काकांना पाठवा. चिठ्ठी झिजली असेल तर पंपाच्या कंपनीचे नाव आणि मॉडेल सांगून त्याच कंपनीचा चार्जर मागा. दीडशे-दोनशे रुपये जास्त जातील, जाऊ देत. आणि पंप विकत घेतानाच दुकानदाराकडून बिलावर बॅटरीची जात लिहून घ्या. लिथियमच्या पॅकवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहा. नुसत्या निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, नाव-गाव नसलेला पॅक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी जुनी सवय रात्रीच्या चार्जिंगची. ती आली कुठून हे सांगायला नको. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने आपल्याला पुरते नाचवले होते. वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे. त्यामुळे जे काही चार्ज व्हायचे ते रात्री पिनेला लावून झोपायचे, आली वीज तर भरेल, हा घराघरातला रिवाज पडला. शिशाच्या बॅटरीने तो निभावून नेला. रात्रभर चार्जर लावून ठेवला तर फार तर तिचे पाणी आटे, आयुष्य कमी होई.

लिथियमच्या बाबतीत हाच रिवाज जिवावर येतो, आणि हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात ई-स्कूटरची बॅटरी रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. त्याच खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. वसई म्हणजे आपल्या कितीतरी चाकरमान्यांचे घर. तिथल्या खोलीत जे झाले ते आपल्या माजघरात होणार नाही, असे समजायला काही आधार नाही.

कोणी म्हणेल, स्कूटरची बॅटरी कुठे आणि पंपाचा पॅक कुठे. फरक आहे, मान्य. पंपाच्या आठ अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये जेमतेम एक दशांश युनिट वीज मावते; स्कूटरच्या बॅटरीत दोन-तीन युनिटे, म्हणजे वीस-तीस पंपांएवढी. पण पेंढ्याच्या गंजीला पेटायला वीस पंप लागत नाहीत.

आणि गंमत अशी की आपल्या कामाला रात्रीच्या चार्जिंगची गरजच नाही. फवारणी आपण करतो सकाळी, वारा पडलेला असताना. दहा वाजेपर्यंत पंप खाली येतो. मोटर चालून पॅक गरम झालेला असतो, वरून ऊन. तो सावलीत तासभर निवू द्या. मग अकरा-साडेअकराला चार्जिंगला लावा. घरात माणसे जागी, कोणाची तरी ये-जा चालू. सोबत आलेल्या चार्जरने आठचा पॅक चार-पाच तासांत भरतो. चारच्या चहाला हिरवा दिवा लागलेला असतो. पिन काढा, संध्याकाळच्या फवारणीला पंप तयार. झोपण्याआधी घरातल्या कुठल्याही पिनेला पंप, ब्रश कटर किंवा स्कूटरची बॅटरी लावलेली नसावी. फोन लावायचाच असेल तर उशीखाली आणि गादीवर नको, एवढे तरी पाळा.

पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की पिन काढून ठेवा. वीज गेली तरी काढा. महावितरणचा पुरवठा परत येताना कमी-जास्त दाबाचे हिसके देतो, त्यात स्वस्तातला चार्जर आधी जातो. पाच मिनिटे थांबून पुन्हा लावायला काही मोठे कष्ट नाहीत.

आता जागेचा प्रश्न. आपल्या कौलारू घरात पंप ठेवायची जागा ठरलेली असते: पडवी. तिथेच वैरणीचा भारा, तिथेच सुतळीचे पोते, फळीवर औषधाच्या बाटल्या, कोपऱ्यात पेट्रोलचा कॅन. वर लाकडी माळा आणि वाशांवर वर्षानुवर्षांची जळमटे. आणि घरातून बाहेर पडायचा मुख्य दरवाजाही त्याच पडवीतून. म्हणजे उद्या तिथे काही पेटले तर जळायला सगळे तयार आणि पळायची वाट बंद.

ठाकूरद्वारच्या चाळीत याचीच दुसरी आवृत्ती बघायला मिळते. जुनी इमारत, लाकडी जिना, जिन्याखाली मीटरचे बोर्ड, दहा बाय बाराची खोली. हल्ली पोरे ई-स्कूटर घेतात. खाली चार्जिंगला जागा नाही, म्हणून बॅटरी खांद्यावर मारून वर आणतात आणि गॅलरीत दाराशी नाहीतर जिन्याच्या तोंडाशी लांब वायरीवर लावतात. खोलीत नको म्हणून बाहेर, हा विचार चुकीचा नाही. पण बाहेर म्हणजे साऱ्या मजल्याची वाट. सप्टेंबर २०२२ मध्येच सिकंदराबादला काय झाले ते आठवा. इमारतीच्या तळाशी असलेल्या ई-स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली, धूर जिन्यावाटे वरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ जणांचा जीव गेला. ज्वालांच्या आधी धूर मारतो. त्यात लिथियमच्या पॅकचा धूर साधा नसतो, त्यात फुफ्फुसे जाळणारे विषारी वायू असतात. गावी येणाऱ्या चाकरमानी मंडळींनी हा मजकूर वाचला तर चाळीच्या कमिटीपुढे हा विषय जरूर काढावा. तळमजल्यावर, जिन्यापासून दूर, मोकळ्या हवेत स्वतंत्र पॉइंट घेणे अवघड असेल, पण अशक्य नाही.

गावात तर जागेची टंचाई नाही. खळ्याच्या कडेला, वळचणीच्या आत पण घराच्या भिंतीपासून हातभर दूर, जांभ्याचे चार चिरे मांडा. झाला चार्जिंगचा ओटा. पावसाचे पाणी येणार नाही, ऊन थेट पडणार नाही, आजूबाजूला चार-पाच फूट पेंढा-पातेरा नाही, एवढे पाहिले की पुरे. चिरा पेटत नाही. पत्र्याच्या बंद शेडमध्ये मात्र उन्हाळ्याच्या दुपारी लावू नका. एप्रिल-मेमध्ये तिथली हवा तापलेल्या तव्यासारखी होते, आणि पंचेचाळीस अंशांच्या वर लिथियमचा पॅक चार्ज करूच नये. वायर लांबवायची असेल तर जाड, सलग वायर घ्या. तीन पिनांची एक पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसणे, उघड्या तारांना काडेपेटीच्या काड्या लावून चालवणे, हे प्रकार आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहेत की त्यावर स्वतंत्र लेख होईल.

फवारणीवाल्यांसाठी एक खास धोका आहे, तो स्कूटरवाल्यांना नाही. आपल्या पंपात टाकी वर आणि बॅटरी खाली. टाकीचे वायसर गळू लागले की थेंब थेट बॅटरीच्या खोलीत. त्यातून बोर्डो मिश्रण असेल तर विचारू नका. मोरचूद धातू खातो. चार्जिंगच्या भोकातली पितळेची पट्टी हिरवी पडते, तिथे वीज अडते आणि ती जागा तापू लागते. ओले मीठ-क्षाराचे पाणी दोन टोकांत साचले तर त्यातूनही वीज वाहते. भोकावरचे रबरी बूच पहिल्या महिन्यातच हरवते, आणि मग चिखलाच्या बोटाने पिन लावली जाते. फवारणी संपली की टाकी धुवा, पण पंप उलटा करून नळाखाली धरू नका. तळ ओल्या फडक्याने पुसा. बूच हरवले असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवा. हंगामात एकदा तळाचे झाकण उघडून आत ओल, हिरवटपणा, फुगवटा आहे का ते पाहा.

हंगाम संपल्यावरची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. मोहोर-पालवीच्या फवारण्या आटोपल्या, काजूही झाला, की मार्चपासून पंप खुंटीला लागतो तो थेट पावसाळ्यात भाताला कीड दिसेपर्यंत. शेवटच्या दिवशी टाकीतले औषध संपवायचे म्हणून मोटर बंद पडेपर्यंत चालवलेली असते. तशाच रिकाम्या पोटी बॅटरी चार-पाच महिने उपाशी. शिशाची असेल तर तिच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि ती मरते. नुकसान होते ते पैशाचे. लिथियमची असेल तर सेल हळूहळू आणखी उतरतात, आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे सेलच्या आत नको तिथे साचून दोन टोके जोडू शकते. असा पॅक वरून धडधाकट दिसतो.

अशा वेळी चार्जर हिरवाच दिवा दाखवतो, पॅक काही घेत नाही. बीएमएसने वाट तोडलेली असते, आणि ते बरोबरच असते. मग गावातला एखादा हुशार कारागीर पुढे येतो. "मेली नाही हो, किक द्यायला पाहिजे." म्हणून गाडीच्या बॅटरीच्या दोन तारा थेट पॅकला टेकवतो. पॅक जागा होतो, त्याची वाहवा होते. माझ्या मते या किकेइतका धोकादायक प्रकार दुसरा नाही. राखणदाराने अडवलेल्या माणसाला मागच्या दाराने घरात घेण्यातला हा प्रकार. महिनोन्महिने पूर्ण उतरून पडलेला पॅक जागा करू नका, बदला.

मग ठेवायचा कसा? दोन्ही जातींचा स्वभाव इथे अगदी उलट आहे. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरावी. लिथियमचा पॅक अर्धाच भरून ठेवावा, थंड कोरड्या जागी, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावा, उतरला असेल तर पुन्हा अर्ध्यावर आणावा. जुनी सवय इथेही नडते, कारण आपण लिथियमलाही गच्च भरून तापत्या माळ्यावर टाकतो. मुंबईहून सुटा पॅक आणताना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, किल्ल्या-नाण्यांपासून वेगळा ठेवून आणावा.

शिशाची बॅटरी म्हणजे गरीब गाय, असेही कोणी समजू नये. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी जिन्याखालच्या बंद फडताळात कोंडलेली मी पुष्कळ घरांत पाहतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. हवेत तो शेकडा चार झाला की एक ठिणगी पुरते. तिला मोकळी हवा द्या, पाणी घालताना विडी-काडी दूर ठेवा, पाणी बॅटरीचेच घाला, विहिरीचे नको. डुकरा-माकडांसाठी बसवलेल्या झटका मशिनचेही तेच. तिथली बॅटरी बसली म्हणून घरातली वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडणारे महाभाग आहेत. तो बॅटरीचा प्रश्नच नव्हे, तो फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यात डुकराआधी माणूस मरतो.

एवढे करूनही पॅक फुगला, गोडसर-औषधी वास आला, फुसफुस आवाज आला किंवा हाताला सोसेना इतका तापला तर? आधी भिंतीवरचे बटण किंवा मेन स्विच बंद करा. पॅक अजून पेटलेला नसेल आणि पंप उचलता येत असेल तर लांब काठीला अडकवून मोकळ्या अंगणात ओढा. धूर निघू लागला असेल तर हात लावू नका. माणसे, मुले आणि गोठ्यातली जनावरे बाहेर काढा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. मेन बंद असेल तर लांबून भरपूर पाणी मारा. लिथियमच्या आगीवर वाळू टाकून ती झाकली जाते, पण आतली उष्णता कमी होत नाही. पाणी ती कमी करते. कळशीभर पाण्याने भागत नाही, पंपाची नळी लावा. विझल्यासारखी दिसली तरी ती काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून तो गोळा दिवसभर घरात आणायचा नाही. ११२ ला फोन करावा. पण अग्निशमनाचा बंब आपल्या वाडीत पोचेपर्यंत जे करायचे ते आपल्यालाच करावे लागणार, हे गृहीत धरून चला.

आता थोडे सरपंच मंडळींशी आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांशी. ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांना आगी लागू लागल्यावर केंद्राने डिसेंबर २०२२ पासून त्यांच्या चाचण्या कडक केल्या. ते नियम रस्त्यावरच्या वाहनांचे. पाठीवरच्या पंपाला ते लागू नाहीत. म्हणजे शेतकऱ्याचा पॅक त्या चाळणीतून गेलेला नसतो. पंपवाटपाच्या कार्यक्रमात फोटो होतो, नोझल दाखवले जाते, औषधाचे प्रमाण सांगितले जाते. चार्जर खोक्यातच राहतो आणि त्यासोबतचा कागद इंग्रजीत असतो. चार ओळींची मराठी चिठ्ठी पंपाला चिकटवायला किती खर्च येतो? बॅटरीची जात, चार्जरचे व्होल्ट, दिवसा जागेपणी चार्जिंग, हंगामानंतर कसा ठेवायचा. पुरवठादाराला तशी अट घालावी. अट घातली नाही तर ग्रामपंचायतीने स्वतः छापून द्यावी. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.

जुन्या पॅकचे काय, हा प्रश्न तर कोणाच्या डोक्यातच नाही. शिशाची जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो, कारण शिशाला भंगारात भाव आहे. लिथियमच्या छोट्या पॅकला भंगारवाला हात लावत नाही. मग तो जातो गडग्यापलीकडे, पऱ्ह्यात, नाहीतर पातेऱ्यासोबत शेकोटीत. शेकोटीत गेलेला पॅक फटाक्यासारखा उडतो. वाडीतली पोरे तो फोडून आतले सेल काढतात, टॉर्च आणि स्पीकर बनवतात. पोरांची हुशारी कौतुकाची, पण खिळा आणि हातोडीने सेल उघडणे हे काम त्यांचे नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बॅटरी कचऱ्याचे नियम केले. त्यानुसार कुठल्याही जातीची वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर आहे, आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी देणे हे आपले काम आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते ते त्यासाठीच. तालुक्याचा पंपविक्रेता "आम्ही घेत नाही" म्हणाला तर व्यक्तीने भांडून उपयोग नाही, ग्रामपंचायतीने पत्र लिहावे.

तोवर पंचायतीच्या आवारात, इमारतीपासून दूर, पत्र्याचे एक पिंप ठेवता येईल. तळाशी कोरडी वाळू, प्रत्येक पॅकची टोके चिकटपट्टीने बंद, पॅकच्या मध्ये पुन्हा वाळूचा थर, वर झाकण पण घट्ट नव्हे. एकावर एक रचू नयेत, कारण एप्रिल २०२२ मध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या चाळीस ई-स्कूटरपैकी वीस जळाल्या त्या अशाच, एकीची आग दुसरीला लागून. पिंप भरू द्यायचे नाही, दर तीन महिन्यांनी विक्रेत्यामार्फत रवाना करायचे.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हे तीन विषय घ्यावेत, अशी विनंती आहे: मराठी चिठ्ठी, पिंप, आणि विक्रेत्याला पत्र. ग्रामसभेला येताना आपापला चार्जर सोबत आणा. कोणाचा १४.४ चा, कोणाचा १२.६ चा आणि कोणाच्या पंपात कसली बॅटरी, याचा ताळा तिथेच बसल्या बसल्या करता येईल; अर्ध्या तासाचे काम आहे.